चाळिशी आणि रक्तदाब

वाशास वाळवी लागली तरी वरून तो धडधाकट दिसतो. भार पडला म्हणजे मोडतो. वाढलेल्या रक्तदाबाचें असेंच आहे. ताप नाहीं, कळ नाहीं. चाळिशींतील कर्ता मनुष्य रोजचें काम करीत असतो, आणि एके दिवशीं हृदयविकार किंवा अर्धांगवायु घराचा आधारच हिरावून नेतो.

रक्त ज्या जोरानें रोहिण्यांच्या भिंतींवर दाबतें त्यास रक्तदाब म्हणतात. हृदय आकुंचन पावतांनाचा आंकडा वरचा, तें विसावतांनाचा खालचा. स्वस्थ बसवून, निरनिराळ्या दिवशीं मोजूनही वरचा १४० किंवा खालचा ९० अथवा त्याहून अधिक भरला तर विकार समजावा. मोजल्यावांचून तो कळत नाहीं, हेंच यांतील मर्म होय.

परंतु गांवोगांवीं डॉक्टर कोठून आणावे? याचें उत्तर कड्याहून आष्टीमार्गें जाणाऱ्या रस्त्यावर, जामखेडास, मिळालें. तेथें १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं कार्य आरंभिलें आणि गांवच्याच स्त्रियांस, त्यांतील पुष्कळ निरक्षर असतांही, शिकवून आरोग्यसेविका केलें. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. आज आशाताई घरोघरीं जाऊन तिशीपुढील स्त्रीपुरुषांची नोंद करितात, त्याचें बीज अशाच कार्यांत आहे.

तपासणीस आचरणाची जोड हवी. फिनलंडच्या उत्तर कारेलिया प्रांतांत १९७२ पासून लोकांनीं लोणी, मीठ व धूम्रपान कमी केलें. पुढील चार दशकांत मध्यमवयीन पुरुषांचे हृदयविकारानें होणारे मृत्यु ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. आम्हांसही हें साधेल. प्रौढानें दिवसास पांच ग्रॅमांहून कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी मीठ खावें. लोणचें, पापड व ठेचा यांतील मीठही त्यांतच धरावें. बिडी, तंबाखू व मिश्री सोडावी. बैठें काम असणाऱ्यांनीं आठवड्यास निदान दीडशें मिनिटें झपझप चालावें. बरें वाटलें म्हणून गोळी आपल्या मनानें बंद करूं नये. आमच्या बीड जिल्ह्यांतून ऊसतोडीस जाणाऱ्यांनीं तर निघण्यापूर्वींच तपासून घ्यावें व पुरेसें औषध बरोबर न्यावें.

विद्यार्थिमित्रहो, वडील मंडळी स्वतःच्या प्रकृतीची हयगय करितात. मुलांचा शब्द मात्र त्यांस मोडवत नाहीं. येत्या सुट्टींत आईवडिलांस आरोग्यकेंद्रांत घेऊन जा आणि दोन्ही आंकडे वहींत लिहून ठेवा. आपल्या शिक्षणाचा हा उपयोग घरास सर्वांत आधीं होईल.