अंगणाला मुरूम किती लागेल?

पावसाळ्यात अंगणात चिखल होतो. पाय रुततात. घरात येताना चिखल आत येतो. सारवलेली जमीन खराब होते. म्हणून पावसाच्या आधी आपण अंगणात मुरूम टाकतो. पण किती मागवावा? "दोन खेपा लागतील", "छे, चार तरी लागतील", असे जो तो सांगतो. कमी पडला तर पुन्हा भाडे. जास्त आला तर दारात ढीग पडतो आणि पैसे अडकतात. बोलणारे बोलून जातात, पैसे मात्र आपले जातात!

म्हणून आपण मोजू या. गुणाकार आला की झाले.

मुरूम, खडी, वाळू हा माल ब्रासवर विकतात. कोणी 'बरास' म्हणतात. १०० घनफूट म्हणजे १ ब्रास. १ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच असा खोका मनात आणा. असे १०० खोके भरतील तेवढा माल म्हणजे एक ब्रास. सरकारी कागदावर घनमीटर लिहितात. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर.

शेजारच्या आबांच्या अंगणाचे माप आम्ही घेतले. लांबी २८ फूट, रुंदी १५ फूट. गुणाकार ४२०. पण त्यात ओटा आहे, ४ फूट रुंद आणि १५ फूट लांब. ओट्यावर मुरूम टाकायचा नाही. म्हणून ६० वजा केले. राहिले ३६० चौरस फूट. तुळशीवृंदावनही वजा करायचे का, असे आबांनी विचारले. एवढ्याशा जागेने हिशेब बदलत नाही. ते सोडून दिले.

टेप नसेल तर दोरी घ्या, नाहीतर हाताने मोजा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे सुमारे दीड फूट. पण माणसामाणसाचा हात वेगळा. आपला हात एकदा टेपेने मोजून ठेवावा.

आता जाडी. इथेच चूक होते. अंगण कधी सपाट नसते. कुठे खड्डा, कुठे उंचवटा. म्हणून मुरूम जिथवर यायला हवा, त्या उंचीवर दोरी ताणा. पाणी बाहेर वाहून जावे म्हणून दोरीला गल्लीकडे थोडा उतार द्या. मग दोरीपासून खाली जमिनीपर्यंत चार ठिकाणी मोजा. आबांच्या अंगणात २, ६, ३ आणि ५ इंच भरले. बेरीज १६. चाराने भागले, ४ इंच आले. ही सरासरी जाडी.

आमची फजिती सांगतो. पहिल्या वेळी आम्ही ३६० ला सरळ ४ ने गुणले. आले १४४०. म्हणजे चौदा ब्रासच्या वर! ट्रॅक्टरवाला हसायला लागला. "अहो, रस्ता करायचा की अंगण?" चूक कुठे झाली? लांबी-रुंदी फुटांत होती आणि जाडी इंचांत. १२ इंचांचा एक फूट. म्हणजे ३ इंच हा पाव फूट, ६ इंच हा अर्धा फूट. ४ इंच म्हणजे फुटाच्या तीन भागांतला एक भाग. म्हणून ३६० ला ३ ने भागायचे. आले १२० घनफूट.

पण एवढ्याने भागत नाही. मुरूम सैल येतो. पाणी मारून धुम्मसाने चोपला की खाली बसतो. म्हणून पाव पट जास्त धरावा. १२० चा पाव ३०. एकूण १५० घनफूट, म्हणजे दीड ब्रास. अंगणात खडी टाकायची असेल तर ती इतकी बसत नाही. दहावा हिस्सा जास्त धरला तरी पुरतो. पण अनवाणी पायांना आणि गुरांच्या खुरांना खडी टोचते. आमच्या मते दारापुढे मुरूमच बरा.

आता ट्रॉली. "एक ट्रॉली म्हणजे एक ब्रास" असे सांगतात. ते खरे असेलच असे नाही. आबांकडे आलेली ट्रॉली आम्ही आतून मोजली. १० फूट लांब, ६ फूट रुंद, दीड फूट उंच. गुणाकार ९० घनफूट. एका ब्रासला १० कमी! पायलीने धान्य मोजताना आपण शीग पाहतो ना? तसेच इथे पाहावे. माल काठापर्यंत आहे की शीग आहे, की मध्ये खळगा आहे? आबांनी आवाज चढवला नाही. टेप दाखवली आणि म्हणाले, "दादा, मापाप्रमाणे पैसे घ्या." त्याने हिशेब मान्य केला. भाव ट्रॉलीवर न ठरवता ब्रासवर ठरवावा, आणि तो माल उतरण्याआधी. मुरूम हे गौण खनिज आहे. गाडीबरोबर वाहतुकीचा पास आहे ना, तेही विचारावे.

दोन ट्रॉल्यांत १८० घनफूट आले. लागणार होते १५०. उरलेल्या ३० चे काय? आबांच्या सूनबाईंनी आधीच ठरवले होते. गोठ्याकडची वाट! तिथे रोज शेणाची पाटी घेऊन त्याच घसरत होत्या. ३ फूट रुंद, ३ इंच जाड अशी ३२ फूट वाट त्यात झाली.

करून पाहा : एक वाट ४० फूट लांब, ४ फूट रुंद आहे. मुरूम चोपून ३ इंच जाड बसायला हवा. सैल मुरूम किती मागवाल? (उत्तर : ५० घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास.)