दोन स्कूटर, चार मित्र : एका सहलीचे अंदाजपत्रक

पाठाविषयी

सहलीला जाण्याचा बेत तुम्ही कधी ना कधी केला असेल. बहुतेक बेत गप्पांमध्ये जन्मतात आणि गप्पांमध्येच विरून जातात. जे तडीस जातात, त्यांच्यामागे कोणीतरी कागद-पेन घेऊन बसलेले असते. प्रस्तुत पाठात आपण असाच एक कागद पाहणार आहोत. सहल लहान आहे, वाहने लहान आहेत आणि खिसेही लहानच आहेत.

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही एखाद्या छोट्या प्रवासाचे अंदाजपत्रक तयार करू शकाल, अंदाजपत्रक आणि हिशेब यांच्या भाषेतील फरक सांगू शकाल आणि खर्चाची कागदावर न दिसणारी बाजू ओळखू शकाल.

मूळ पाठ

म्हैसूर शहराच्या दक्षिण-पश्चिम भागात कुवेंपुनगर ही वसाहत आहे. कन्नड साहित्याला पहिला ज्ञानपीठ पुरस्कार मिळवून देणाऱ्या कुवेंपु यांचे नाव या वसाहतीला मिळाले आहे. समजा, या वसाहतीत चार मित्र राहतात. दोघे महाविद्यालयात शिकतात, तिसरा वडिलांच्या दुकानात बसतो आणि चौथा एका छापखान्यात रोजंदारीवर काम करून मुक्त विद्यालयाच्या परीक्षेची तयारी करतो. चौघांमध्ये मिळून दोन बिनगिअरच्या स्कूटर आहेत, त्याही घरच्यांच्या.

म्हैसूरला दुचाकीचे कौतुक नवे नाही. यादवगिरी भागातील आयडियल जावा कारखान्याच्या मोटारसायकली १९६० च्या दशकात देशभर धावू लागल्या. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी जुन्या येझदी मोटारसायकली जिवापाड जपणारे लोक शहरात अजून भेटतात. मात्र सामान्य घराला खरी सोय झाली ती लहान वाहनांची. १९७२ मध्ये पुण्याच्या किनेटिकने लूना आणली आणि सायकलवर जाणारा माणूस पेट्रोलवर जाऊ लागला. १९८४ मध्ये आलेल्या किनेटिक होंडाने गिअर बदलण्याचे कामही चालकाच्या हातून काढून घेतले. आपल्या चार मित्रांच्या स्कूटर याच वंशातल्या. भाजी आणण्यासाठी त्या उत्तम. पण शंभर-दीडशे किलोमीटरच्या रस्त्यावर त्यांचे स्वभाव वेगळेच दिसू लागतात.

बेताची सुरुवात उटीपासून झाली. उटी म्हटले की सगळ्यांचे डोळे चमकतात. परंतु त्या वाटेवर बंडीपूरचे अभयारण्य आहे आणि तेथून जाणारे रस्ते २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत वाहतुकीसाठी बंद ठेवले जातात. वन्य प्राणी रात्री रस्ता ओलांडतात, वाहनांखाली सापडून मरतात. म्हणून हा निर्बंध आला. लहान स्कूटरवाल्याने दिवसाही त्या जंगलात थांबू नये. पंक्चर झाले तर तेथे हत्ती भेटेल, मेकॅनिक भेटणार नाही! पुढे निलगिरीचा चढ आहे आणि २०२४ पासून निलगिरी जिल्ह्यात येणाऱ्या बाहेरच्या वाहनांना ई-पासही काढावा लागतो. दोघे बसलेल्या छोट्या स्कूटरला तो घाट जड जातो. उतरताना तर अधिकच काळजी घ्यावी लागते. गिअरची गाडी खालच्या गिअरमध्ये घालून वेग आवरता येतो. बिनगिअरच्या स्कूटरचा बहुतेक भार ब्रेकवर पडतो. ब्रेक सतत दाबून ठेवला की तापतो आणि तापलेला ब्रेक नीट लागत नाही. उटी मागे पडली.

मग श्रीरंगपट्टणचे नाव निघाले. १७९२ च्या वेढ्याच्या वेळी हरिपंत फडके यांच्याबरोबर मराठी फौजा येथे आल्या होत्या, त्यामुळे मराठी वाचकाला या गावाबद्दल कुतूहल असतेच. पण ते म्हैसूरपासून अवघ्या पंधरा-सोळा किलोमीटरवर. चौघांनीही ते पूर्वी पाहिलेले. शिवाय बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य रस्त्यावर १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकींना बंदी आहे. सेवा रस्त्यानेच जावे लागते. हे ठाऊक नसलेला माणूस दंड भरून येतो आणि दंडाची रक्कम कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेली नसते.

शेवटी मडिकेरी ठरले. बोगादीकडून रिंगरोडला लागायचे, हिनकलला हुणसूर रस्ता धरायचा, मग हुणसूर, पिरियापट्टण, बैलकुप्पे आणि कुशालनगर करीत वर चढायचे. जाण्याचे अंतर सुमारे १२० किलोमीटर. दोन दिवस, एक मुक्काम. दुकानात बसणाऱ्या मित्राने वही उघडली आणि लिहायला सुरुवात केली.

जाऊन येऊन २४० किलोमीटर, इकडेतिकडे फिरण्याचे ३०, असे २७० किलोमीटर. शहरात स्कूटर लिटरला पंचेचाळीस किलोमीटर चालते, हे खरे. पण दोघांचे वजन, पिशव्या आणि चढ यांचा विचार करून चाळीसच धरावे. म्हणजे एका स्कूटरला सात लिटर, दोघींना चौदा. लिटरला शंभर रुपये धरले तर १४०० रुपये, माणशी ३५०. एका रात्रीच्या खोलीचे १६०० धरले, माणशी ४००. दोन दिवसांचे जेवणखाण ५००. गाडी उभी करण्याचे आणि प्रवेशाचे ५०. बेरीज १३००. त्यावर अचानक येणाऱ्या खर्चासाठी दहावा हिस्सा, म्हणजे १३०. एकूण माणशी १४३० रुपये. (खोलीचे दर हंगामाप्रमाणे बदलतात, पेट्रोलचेही बदलतात; हे आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत. आपल्या सहलीचे आकडे आपणच विचारून लिहावेत.)

वही सर्वांपुढे फिरली. दोघांनी माना डोलावल्या. छापखान्यातला मित्र मात्र गप्प होता.

"काय रे, तुला पटत नाही का?" लिहिणाऱ्याने विचारले.

"पटतंय की. पण तुम्ही तिघं जाऊन या. मला काम आहे त्या दिवशी."

"रविवारी कसलं काम?"

"रविवारी नाही. शनिवारी."

येथे तिघांच्या लक्षात आले. रविवारी छापखान्याला सुटी असते. शनिवारी काम बंद तर त्या दिवसाची मजुरीही बंद. त्याचा रोज ७०० रुपये धरला, तर त्याची सहल १४३० रुपयांची नव्हे, २१३० रुपयांची होते. वहीत मात्र चौघांच्या नावांपुढे एकच आकडा होता. वर्गणी सारखी असली, तरी तिचा भार सारखा नव्हता. आणि ज्याच्यावर तो अधिक होता, तोच ते बोलून दाखवणार नव्हता.

"तुझे पैसे आम्ही भरू," असे म्हणणे सोपे होते. चांगल्या मनाने म्हटलेले असते तेही. पण मित्राला आयुष्यभर लक्षात राहील असे ओझे आपण त्याच्या खांद्यावर ठेवतो आहोत, हे म्हणणाऱ्याला कळतेच असे नाही. या तिघांनी तसे म्हटले नाही. त्यांनी वहीचे पान उलटले आणि रविवारचाच विचार सुरू केला.

एका दिवसात मडिकेरी गाठून परत येणे शक्य आहे, पण शहाणपणाचे नाही. मध्ये थांबे धरून छोट्या स्कूटरचा सरासरी वेग ताशी तीस-पस्तीस किलोमीटर पडतो. २४० किलोमीटर म्हणजे सात-आठ तास बैठकीवर. वर घाटाची चढ-उतार आणि परतताना काळोख. स्कूटरची चाके लहान असतात. मोटारसायकल ज्या खड्ड्यावरून निभावून नेते, त्यात स्कूटरचे चाक आत जाते, आणि अंधारात तो खड्डा दिसत नाही. तेव्हा घाट सोडावा आणि कुशालनगरपर्यंतच जावे, असे ठरले. तेथवरचा रस्ता बहुतांशी सपाट आहे. खरा चढ त्याच्या पुढे सुरू होतो.

जाऊन-येऊन आणि थोडे फिरून अंतर २०० किलोमीटर. एका स्कूटरला पाच लिटर, दोघींना दहा; माणशी २५० रुपये. सकाळचा नाश्ता वाटेत, दुपारसाठी घरून पोळ्या, चटणी आणि पुळियोगरे. म्हणून खाण्याचे १५०. गाडी उभी करण्याचे आणि प्रवेशाचे ५०. अडीअडचणीसाठी दहावा हिस्सा ४५ येतो, तो ५० धरला. एकूण माणशी ५०० रुपये आणि कोणाचीही मजुरी बुडत नाही.

पाहण्यासारखे काही उरले नाही, असे मात्र कोणी समजू नये. बैलकुप्पे येथे १९६१ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. मक्याच्या शेतांमधून वाट काढत गेले की नामड्रोलिंग मठाचे सोनेरी शिखर दिसू लागते. आत बुद्धाच्या भव्य सुवर्णवर्णी मूर्ती आहेत आणि बाहेर मोमो विकणारी दुकाने आहेत. कुशालनगरला कावेरी भेटते. म्हैसूर आणि कोडगू या जिल्ह्यांची सीमा येथे तीच आखते. जवळच निसर्गधाम नावाचे नदीतले बेट आहे, त्यावर झुलत्या पुलाने जाता येते. पाऊस ऐन भरात असताना, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, हा बेत करू नये. ऑगस्ट २०१८ मध्ये कोडगूत दरडी कोसळून मोठी हानी झाली होती.

निघण्याची वेळ सकाळी ६, परतीची कुशालनगरहून दुपारी ३. टाकी पाच लिटरच्या आसपास असते. ती रिकामी होण्याची वाट न पाहता हुणसूरला येता-जाता भरून घ्यावी. या स्कूटरला सहसा जादा चाक नसते, म्हणून आदल्या दिवशी टायर, हवा आणि ब्रेक मेकॅनिककडून पाहून घ्यावेत. चार माणसांना चार हेल्मेट लागतात. मागे बसणाऱ्यालाही कायद्याने ते घालावे लागते. वाहन परवाना, आरसी, विमा आणि पीयूसी जवळ असावे. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना फक्त पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या वाहनापुरता असतो. नेहमीच्या स्कूटरसाठी अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. जी स्कूटर हळू चालते ती पुढे ठेवावी. वेगवान गाडी पुढे गेली, की मागची तिला गाठण्यासाठी आपल्या ताकदीबाहेर पळते.

भाषेचा विचार करू या

अंदाजपत्रक प्रवासाआधी लिहितात आणि हिशेब प्रवासानंतर. म्हणून अंदाजपत्रकात 'धरावे', 'लागतील', 'भरून घ्यावी' अशी विध्यर्थी आणि भविष्यकाळी रूपे येतात; हिशेबात 'लागले', 'दिले', 'उरले' अशी भूतकाळी रूपे येतात. दोन्ही कागद शेजारी ठेवले, म्हणजे आपला अंदाज कोठे चुकला ते क्रियापदांवरूनही कळते.

'काटकसर' आणि 'कंजुषी' हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. तसे करू नये. घरून पोळ्या नेणे ही काटकसर, झिजलेला टायर तसाच ठेवणे ही कंजुषी. 'पदरमोड करणे' म्हणजे दुसऱ्यासाठी किंवा एखाद्या कामासाठी स्वतःचे पैसे खर्च करणे. पाठातील तिघांनी ती टाळली.

पाठगत प्रश्न

१. उटीचा बेत रद्द करण्याची कोणती कारणे पाठात आली आहेत?
२. पहिल्या अंदाजपत्रकात सर्वांच्या नावांपुढे एकच आकडा असूनही छापखान्यातील मित्राचा खर्च अधिक का होता?
३. 'तुझे पैसे आम्ही भरू' असे तिघांनी म्हटले नाही. त्यांचे वागणे तुम्हांला योग्य वाटते का? सकारण लिहा.
४. उतारावर बिनगिअरच्या स्कूटरची विशेष काळजी का घ्यावी लागते?

उपक्रम

तुमच्या गावापासून १०० किलोमीटरच्या आतील एक ठिकाण निवडा. सोबत येणाऱ्या प्रत्येकाला, त्या दिवशी त्याचे कोणते काम बुडेल, हे एकेकट्याला भेटून विचारा. त्यानंतरच अंदाजपत्रक लिहायला घ्या.