वाल मांडा, विभाजक मोजा

कर्जत-खालापूरच्या घरात वालाचा डबा असतोच. तो काढा आणि टेबलापाशी या. आज आपण 1 ते 24 या प्रत्येक संख्येला किती विभाजक आहेत, त्याची अख्खी मालिका मांडणार आहोत.

साहित्य: सुके कडवे वाल 84 (मोजूनच घ्या), वाटी, वर्तमानपत्राएवढा कोरा कागद, पेन.

कृती

1. कागदावर आडवी 6, उभी 4 अशी 24 घरं आखा. एका घरात आठ वाल सुटसुटीत मावले पाहिजेत.

2. घरांच्या कोपऱ्यात 1 ते 24 आकडे लिहा. ओळ संपली की पुन्हा डावीकडून सुरुवात करा, नागमोडी जाऊ नका.

3. प्रत्येक घरात एक वाल ठेवा. वाटीत 60 उरतील.

4. 2, 4, 6 असं करत दर दुसऱ्या घरात एकेक वाल टाका. 48 उरतील.

5. 3 पासून दर तिसऱ्या घरात एकेक टाका. 3 चं घर पुन्हा मोजलंत तर 6 ऐवजी 5 वर जाल, सांभाळा! 40 उरतील.

6. असंच 4 पासून दर चौथ्या, 5 पासून दर पाचव्या, थेट 12 पर्यंत करा. 12 वाल उरतील.

7. ते 13 ते 24 च्या घरांत एकेक टाका. वाटी रिकामी झाली नाही किंवा वाल कमी पडले, तर पायरी 3 पासून पुन्हा मांडा.

8. घराघरातले वाल मोजून ओळीने लिहा:
1, 2, 2, 3, 2, 4, 2, 4, 3, 4, 2, 6, 2, 4, 4, 5, 2, 6, 2, 6, 4, 4, 2, 8.

9. दोनच वाल असलेल्या घरांना गोल करा. या मूळ संख्या. 1 ला गोल नको, तिथे एकच वाल आहे.

10. विषम वालांच्या घरांना चौकट करा: 1, 4, 9, 16. या वर्गसंख्या.

11. आधीच्या सगळ्या घरांपेक्षा जास्त वाल असतील तिथे चांदणी काढा: 1, 2, 4, 6, 12, 24. बरोबरी चालणार नाही, म्हणून 18 आणि 20 बाद.

12. मोठ्या संख्येला वाल नकोत, जोड्या लिहा. आपल्या ‘कर्जत-184’ भाताचाच आकडा घ्या: 1×184, 2×92, 4×46, 8×23. 13 पर्यंत तपासून थांबा, कारण 14×14 म्हणजे 196, ते 184 च्या पुढे जातं. विभाजक 8.

जमलं ना? आता पट्टा 36 पर्यंत वाढवा. 140 वाल लागतील आणि 36 च्या घरात 9 पडतील. मुलांना सोबत घ्या, मोजू त्यांनाच द्या.