गांजाचा पातळ अर्क, वेप पेन आणि वडिलांची वेदना

प्रश्न : माझ्या वडिलांना कर्करोगाच्या वेदना असह्य होतात. कॅलिफोर्नियातला मामेभाऊ म्हणतो, तिकडे गांजाचा अर्क पातळ करून वेप पेनमधून ओढतात, आराम पडतो. दिवाळीला येताना तो पेन आणणार आहे. पेन कोणतं चांगलं? अर्क कशात पातळ करावा?
– एक वाचक, नारायणगाव

उत्तर : आधी भावाला फोन करा आणि यातलं काहीही बॅगेत ठेवू नको म्हणून सांगा. कारणं सविस्तर देतो, कारण तुम्ही हे हौसेपोटी विचारलेलं नाही.

गांजाचा शुद्ध अर्क काकवीसारखा घट्ट असतो. पेनमधल्या बारीक वातीत तो नीट शिरत नाही, कॉइल कोरडी पडते आणि अर्क करपतो. म्हणून तो पातळ करतात. कॉइल सिरॅमिकची असावी, बॅटरीचा व्होल्टेज कमी-जास्त करता यावा, असं जाणकार सांगतात. त्यात तथ्य आहे, करपणं कमी होतं. पण वाफेबरोबर छातीत काय जाणार ते पेन ठरवत नाही, अर्कात काय मिसळलंय त्यावर ते ठरतं. कितीही महाग पेन घेतलं तरी यात फरक पडत नाही.

पातळ करायला कोणी खाण्याचं तेल वापरतं, कोणी प्रोपिलीन ग्लायकॉल. ग्लायकॉल जास्त तापलं की त्यातून फॉर्माल्डिहाइड तयार होतं. तेल पोटात पचतं, फुप्फुसाला ते पचवता येत नाही. तान्ह्या बाळाच्या नाकात तेल सोडू नका, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात ते याचसाठी. तेल श्वासनलिकेत उतरलं तर लिपॉइड न्यूमोनिया होऊ शकतो. घरात नेब्युलायझर असेल, तर त्यातही कसलंच तेल किंवा अर्क घालू नका.

अमेरिकेतच २०१९ मध्ये काय घडलं ते भावाला विचारा. तरुण, धडधाकट माणसं धाप लागून अतिदक्षता विभागात दाखल होऊ लागली. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत अशा २,८०७ रुग्णांची नोंद झाली, त्यातले ६८ दगावले. बहुतेकांनी गांजाच्या अर्काची कार्ट्रिज वापरली होती. ५१ रुग्णांच्या फुप्फुसातला द्रव तपासला, तेव्हा ४८ जणांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट सापडलं. हा पदार्थ त्वचेच्या क्रीममध्ये असतो, गोळीतून पोटातही चालतो. भेसळ करणाऱ्यांना तो सोयीचा होता, कारण तो मिसळूनही अर्क घट्टच दिसतो आणि गिऱ्हाइकाला शंका येत नाही. तुमच्या वडिलांचं शरीर आधीच उपचारांनी थकलेलं आहे. हा धोका त्यांच्यावर लादू नये.

आता कायदा. २०१९ च्या ई-सिगारेट बंदी कायद्यात निकोटीन असो वा नसो, पदार्थ तापवून वाफ ओढायला देणारं विजेचं उपकरण येतं. त्याची आयात, विक्री, साठवणूक गुन्हा आहे. पहिल्या वेळी आयातीसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अर्काचं प्रकरण याहून गंभीर. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजाचं तेलकट अर्करूप 'चरस' या सदरात मोडतं, आणि त्यात काही मिसळलं तरी ते मिश्रण सुटत नाही. महाशिवरात्रीच्या भांगेचा दाखला इथे चालत नाही. भांग नुसत्या पानांची असते. शिवाय २०२० मध्ये हीरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की वजन संपूर्ण मिश्रणाचं धरायचं. म्हणजे १० ग्रॅम अर्क ९० ग्रॅम तेलात कालवला, तर हिशेब १०० ग्रॅमचा. पातळ केल्याने गुन्हा हलका होत नाही, वाढतोच.

मग वडिलांनी सोसतच राहायचं का? मुळीच नाही, आणि मला खरं तर हेच सांगायचंय. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी हे जगभर मान्य झालेलं औषध आहे. ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते. अमली पदार्थ कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त रुग्णालयांना ती ठेवणं सोपं केलं. साधी गोळी साधारण दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यावी लागते. वेदना उसळेपर्यंत थांबायचं नसतं. बद्धकोष्ठ हमखास होतं, म्हणून रेचकही पहिल्या दिवसापासून मागून घ्या. वेदनेसाठी डॉक्टरी देखरेखीत घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं विरळा. त्या भीतीने घरची मंडळी गोळी चुकवतात आणि रुग्ण विनाकारण तळमळतो.

पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे. तिथे कर्करोगाच्या रुग्णांची वेदना कमी करण्याचे उपचार मोफत होतात, घरच्यांनाही शुश्रूषा शिकवतात. आधी फोन करा, मग सगळे कागद घेऊन नाशिक रस्त्याने पुणे गाठा. जाताना चार दिवसांची नोंद न्या : वेदना कधी उठते, कुठे उठते, दहापैकी किती, रात्री झोप किती लागते. एवढ्या नोंदीवरून डॉक्टरांना मात्रा ठरवता येते. दिवाळीची वाट पाहू नका, याच आठवड्यात जा.