कोळशाची आच

मुलांनो, ‘गुलाम’ आणि ‘भट्टी’ हे दोन शब्द तुम्हांला नव्याने शिकवावे लागणार नाहीत. ते उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. आजचा पाठ एका गुलामाचा आणि एका भट्टीचा आहे.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना नावाचे राज्य आहे. तेथील कॅसवेल भागात अबिशा स्लेड हा शेतकरी तंबाखू पिकवत असे. त्याच्या शेतावर स्टीफन नावाचा सुमारे अठरा वर्षांचा तरुण राबत होता. त्याला लोहारकाम येत होते. पण तो नोकर नव्हता, गुलाम होता. त्याला पगार नव्हता. काम सोडून जाण्याची मुभा नव्हती. त्याच्या कष्टांवरच नव्हे, तर त्याच्या देहावरही मालकाचा हक्क होता.

तंबाखूचे हिरवे पान तोडल्याबरोबर विकता येत नाही. ते आधी वाळवावे लागते. निपाणीच्या भागात विडीची तंबाखू उन्हात वाळवतात. नॉर्थ कॅरोलायनात मात्र लाकडी ओंडक्यांच्या बंद खोल्या असत. आत काठ्यांवर पाने टांगत आणि खाली जमिनीवर लाकडे पेटवत. धूर पानांना लागे. पाने काळपट, तपकिरी होत. ही आग दिवसरात्र जागून सांभाळावी लागे.

१८३९ साली एका रात्री हे काम स्टीफनकडे होते. दिवसभराच्या श्रमाने त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा आग जवळजवळ विझली होती. आता काय करावे? पीक बिघडले तर मालक काय करील, हे त्याला ठाऊक होते.  तो लोहारकामासाठी कोळसा पाडायच्या खड्ड्याकडे धावला. तेथले कोळसे त्याने आणले आणि विझत्या आगीवर टाकले. खोलीत एकदम कडक आच पसरली. थोड्या वेळाने पाहतो तो काय! पाने तपकिरी न होता सोन्यासारखी पिवळी होत होती.

असे का झाले? हिरव्या पानात हरितद्रव्य असते. पान मंद उष्णतेत राहिले की ते नाहीसे होते आणि पिवळा रंग दिसू लागतो. त्याच वेळी पानातील पिष्टाची साखर होते. पान तसेच ओलसर राहिले, तर पुढे ते तपकिरी पडते. पण नेमक्या वेळी कोरडी, कडक उष्णता मिळाली, तर पान झटपट वाळते आणि पिवळा रंग टिकून राहतो. कोळशाची आच लाकडापेक्षा कडक असते आणि तिला धूरही फारसा नसतो. स्टीफनच्या हातून योग्य वेळी योग्य गोष्ट घडली होती.

त्या पिवळ्या तंबाखूला नेहमीच्या सुमारे चौपट भाव मिळाला, असे सांगतात. स्लेडने पुढे अनेक प्रयोग करून ही रीत पक्की केली आणि इतर शेतकऱ्यांना शिकवली. त्याचे नाव झाले. स्टीफनला काय मिळाले? शोधाचा हक्क त्याला मागताही आला नसता. १८५८ साली अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलने स्पष्टच सांगितले, की गुलामाने लावलेल्या शोधाचे पेटंट देता येत नाही. ते गुलामाला मिळत नव्हते आणि त्याच्या मालकालाही नाही. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली आणि स्टीफन स्वतंत्र झाला. म्हातारपणी त्याने आपली हकीकत स्वतः सांगितली. १८८६ साली ती छापून आली, म्हणूनच आज आपल्याला त्याचे नाव माहीत आहे.

कोळशाच्या रीतीत एक धोका होता. सुक्या पानांखाली उघडी आग! एक ठिणगी उडाली, की वर्षाची मेहनत राख. म्हणून पुढे शेतकऱ्यांनी भट्टीची रचना बदलली. आग भिंतीत बांधलेल्या चुलाणात ठेवली. त्याचे तोंड बाहेर असे. तेथून पत्र्याचे मोठे नळ खोलीच्या जमिनीवरून फिरवले आणि धूर बाहेर सोडला. नळ तापत आणि खोली गरम होई. पण आग आणि धूर पानांना शिवत नसे. आधी सुमारे ३५ ते ४० अंश उष्णता ठेवून पाने पिवळी करायची. मग ती हळूहळू वाढवून सुमारे ७० अंशांपर्यंत न्यायची, म्हणजे जाड शिराही वाळतात. याला पाच ते सात दिवस लागतात. आंध्र प्रदेशातही सिगारेटची तंबाखू अशाच भट्ट्यांत वाळवली जाते.

मुलांनो, आता दुसरी बाजू पाहा. याच पिवळ्या पानाने सिगारेटचा धंदा जगभर वाढला. आज तंबाखूमुळे जगात दरवर्षी सत्तर लाखांहून अधिक माणसे मरतात. आपल्या देशात २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे गुन्हा आहे. म्हणजे ज्या वयात स्टीफनने ही आच शोधली, त्या वयापर्यंत तिच्यापासून कायदा तुम्हांला दूर ठेवतो. त्यानंतर दूर राहणे तुमच्या हाती आहे.

मग स्टीफनला दोष द्यायचा का? तो तर हुकमाचा बंदा होता. काय पिकवावे, हे ठरवण्याचा हक्कच त्याला नव्हता. तुम्हांला तो आहे. त्याच्याकडून घ्यायची ती नजर घ्या. चूक झाली तेव्हा तो हात बांधून बसला नाही आणि जे घडले ते त्याने नीट पाहिले. आणि एखाद्या शोधाबद्दल वाचाल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा : नाव कोणाचे झाले, आणि हात कोणाचे होते?

शब्दार्थ
आच – उष्णता, धग. मुभा – परवानगी. चुलाण – मोठी चूल. हकीकत – घडलेली गोष्ट. ठिणगी – आगीचा उडालेला कण.

स्वाध्याय
१. स्टीफन कोळशाच्या खड्ड्याकडे का धावला?
२. पत्र्याच्या नळांमुळे कोणता धोका टळला?
३. ‘स्टीफनला त्याच्या शोधाचा हक्क मिळाला नाही.’ कारणे लिहा.
४. या पाठातील उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.