विद्या परदेशी, ओढ मायदेशी

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंकुशनगर ही वसाहत सहकारी साखर कारखान्याभोवती उभी राहिली. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने गोदाकाठच्या या पट्ट्यात ऊस वाढविला, उसाने कारखाना जगविला आणि कारखान्यामागोमाग शिक्षणाच्या सोयीही आल्या. अशा परिसरातील एखादा विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस किंवा जर्मनीस गेल्याची वार्ता आता नवलाईची राहिलेली नाही. शाळेत सत्कार होतो, पेढे वाटले जातात आणि त्यानंतर पारावर दोन मते हमखास ऐकू येतात. एक मत असे की, आपली माणसे जात्याच बुद्धिमान, म्हणून परदेशी गेली की चमकतात. दुसरे असे की, गेला तो गेला, गावाला त्याचा काय उपयोग? दोन्ही मते तपासून पाहण्याजोगी आहेत. गावच्या शाळेचा आणि पंचायतीचा या प्रश्नाशी निकटचा संबंध असल्याने ती तपासणे अगत्याचेही आहे.

यशामागील चाळणी

अमेरिकेतील भारतीयांचे शैक्षणिक यश निर्विवाद आहे. २०१९ च्या सुमारास तेथील पंचवीस वर्षांवरील भारतीय वंशाच्या लोकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक पदवीधर होते. एकंदर अमेरिकन जनतेत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास होते. तथापि हे अंतर बुद्धीचे नसून निवडीचे आहे. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना वर्षाकाठी केवळ शंभर जणांचा प्रवेश मंजूर होता. १९६५ मध्ये अमेरिकेने देशवार कोट्याची ती जुनी पद्धत रद्द केली आणि डॉक्टर, अभियंते, शास्त्रज्ञ अशा प्रशिक्षित व्यक्तींना दार उघडले. याच सुमारास आपल्याकडे स्वातंत्र्योत्तर काळातील नव्या शिक्षणसंस्थांतून पहिल्या तुकड्या बाहेर पडत होत्या. मुंबईची भारतीय तंत्रविज्ञान संस्था १९५८ ची. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग तर १९३३ पासूनचा. म्हणजे येथे सार्वजनिक खर्चाने तयार झालेले, स्पर्धेतून एकदा निवडले गेलेले तरुण तेथे व्हिसाच्या चाळणीतून दुसऱ्यांदा निवडले गेले. दोन चाळण्यांतून उतरलेले धान्य टपोरे निघाले, तर त्यावरून सगळ्या शेताचा उतारा ठरविता येत नाही.

याचा पडताळा मॉरिशसमध्ये मिळतो. १८३४ पासून त्या बेटावर भारतीय करारबद्ध मजूर नेण्यात आले आणि त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांना नेले ते उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी. माणसे याच महाराष्ट्राची. पण पुढील कित्येक दशके त्यांच्या नावावर विद्वत्ता नव्हे, कष्टच जमा झाले. पिढ्या गेल्या, शाळा आल्या, मतदानाचा हक्क आला, तेव्हा त्यांची मुले शिक्षक, अधिकारी, मंत्री झाली. तेथील शाळांत मराठी शिकविली जाते आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिच्या उच्च अध्ययनाचीही सोय आहे. ज्याला संधी आधी मिळाली तो आधी पुढे गेला, एवढाच याचा अर्थ.

वर्ध्याचा कृषिशास्त्रज्ञ मेक्सिकोत

परदेशातील विद्वत्ता आणि मायदेशाची ओढ या दोहोंचा मेळ ज्यांच्या चरित्रात विलक्षण रीतीने आढळतो, ते डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे होत. वर्ध्याचे खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देशाबाहेर पडले. हेतू क्रांतिकार्याचा होता. परंतु अमेरिकेत त्यांनी शेतीशास्त्राचे पद्धतशीर शिक्षणही घेतले. गदर चळवळीत त्यांनी भाग घेतला, पहिल्या महायुद्धाच्या काळात इराणच्या भूमीवर ब्रिटिशांविरुद्ध लढाही दिला. मायदेशाचे दार बंद झालेला हा तरुण १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचला आणि पुढे चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापन करू लागला. मक्याच्या जातींवरील त्यांचे संशोधन तेथे विशेष गाजले.

पण त्यांचे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे कार्य प्रयोगशाळेबाहेरचे आहे. मेक्सिकोतील क्रांतीनंतर जमिनी मिळालेल्या गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषी शाळांची चळवळ चालविली. शिकलेल्या माणसाने बांधावर जावे, शेतकऱ्याच्या भाषेत बोलावे, त्याच्याच शेतात प्रयोग करून दाखवावा, अशी ती पद्धत. आपल्याकडील कृषी विस्तार कार्यकर्त्यांना ती परिचित वाटेल. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर पंक्तीत भाकरी वाटणाऱ्या पुरुषाचे चित्र रंगविले. त्या चित्रासाठी त्यांच्यासमोर खानखोजे होते. परक्या देशाने दिलेला याहून मोठा मान कोणता असेल?

आणि मायदेशाने? स्वातंत्र्य मिळाल्यावर त्यांनी परत येण्याची परवानगी मागितली, तेव्हा ब्रिटिशांच्या काळ्या यादीतील त्यांचे नाव आडवे आले. ते निस्तरल्यावर १९४९ मध्ये, साठी ओलांडल्यावर, ते भारतात आले आणि पुढे १९५५ पासून नागपूरला स्थायिक झाले. २२ जानेवारी १९६७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास, १९६६ मध्ये, भारताने मेक्सिकोतून गव्हाच्या बुटक्या जातींचे सुमारे अठरा हजार टन बियाणे आणले आणि हरितक्रांतीला वेग आला. ते वाण खानखोजे यांचे नव्हते, डॉ. नॉर्मन बोरलॉग यांच्या प्रयोगांतून आलेले होते. परंतु मेक्सिकोची शेती आतून जाणणारा एक वयोवृद्ध शास्त्रज्ञ त्या वेळी नागपुरात हयात होता, ही गोष्ट मनाला चटका लावते. २०२२ मध्ये चापिंगो येथे त्यांचा पुतळा बसविण्यात आला आणि लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. महाराष्ट्रातील किती शेतकी शाळांत त्यांचे नाव सांगितले जाते, हे शिक्षकांनीच पाहावे.

भावनेला पात्र हवे

परदेशस्थ भारतीयांच्या मनात मायदेशाबद्दल अभिमान असतो, त्याचप्रमाणे अधीरताही असते. सुटीत गावी आलेला पाहुणा चंद्रयानाचे कौतुक करतो आणि त्याच दमात रस्त्यातील खड्डे दाखवितो. आपल्याला ते बोलणे टोचते. पण उदासीन माणूस खड्डेही दाखवीत नाही. या भावनेला पात्र मिळाले तर ती उपयोगी पडते, न मिळाले तर सांडून जाते.

थोर गणितज्ञ डॉ. श्रीराम अभ्यंकर यांचे उदाहरण बोलके आहे. हार्वर्ड येथून १९५५ मध्ये डॉक्टरेट मिळविलेले अभ्यंकर अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात दीर्घकाळ प्राध्यापक होते. त्यांनी अमेरिका सोडली नाही. मात्र १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले आणि गणिताच्या अध्ययनाचे एक केंद्र मागे ठेवले. ते २०१२ मध्ये निवर्तले, केंद्र टिकून राहिले.

दुसरे उदाहरण प्राथमिक शिक्षकांना अधिक जवळचे वाटेल. २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना विभागून मिळाले, त्यांपैकी अभिजित विनायक बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा. त्यांच्या मातोश्री, अर्थतज्ज्ञ निर्मला बॅनर्जी, माहेरच्या पाटणकर. अमेरिकेत अध्यापन करणाऱ्या बॅनर्जी यांनी सहकाऱ्यांसह मुंबई व बडोदे येथील शाळांतील ‘बालसखी’ उपक्रमाचा अभ्यास केला. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एक शिकलेली तरुणी रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून वाचन व अंकगणिताचा पाया शिकवीत असे. मुलांत स्पष्ट सुधारणा दिसून आली. याला ना महागडी इमारत लागली, ना यंत्रे. ‘प्रथम’ संस्थेने हा उपक्रम येथे आधीच उभा केला होता, म्हणूनच परदेशातील विद्वानाला त्याचा अभ्यास करता आला.

अमेरिकेतील भारतीय मुले इंग्रजी शब्दलेखनाच्या राष्ट्रीय स्पर्धेत सातत्याने बाजी मारतात, हे वृत्तपत्रांतून वाचनात येते. १९८५ मध्ये प्रथमच भारतीय वंशाचा मुलगा तेथे विजयी झाला. २०१९ च्या आठ सहविजेत्यांपैकी सात भारतीय वंशाचे होते. त्यामागची एक बाजू मात्र आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. १९८९ मध्ये स्थापन झालेली नॉर्थ साउथ फाउंडेशन ही संस्था तेथील भारतीय मुलांसाठी अशा स्पर्धा भरविते आणि जमलेल्या निधीतून भारतातील गरीब, गुणी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते.

मराठवाड्याचा परदेश

मराठवाड्याने हा प्रश्न थोड्या निराळ्या रीतीने अनुभवला आहे. १९४८ पूर्वी अंबडच्या विद्यार्थ्याला परदेश म्हणजे हैदराबाद होते. औरंगाबादेत इंटरमीजिएटपर्यंतची सोय. पदवीसाठी उस्मानिया विद्यापीठ गाठायचे आणि तेथे उर्दूतून शिकायचे. ही कोंडी फोडण्यात मोठा वाटा होता तो परदेशात शिकून आलेल्या एका विद्वानाचा. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर आठ वर्षांनी स्थापन झाले. एका शिष्यवृत्तीचे फळ अशा रीतीने सदतीस वर्षांनी एका मागास विभागाच्या पदरात पडले. आज जालना शहरातच, २०१८ पासून, मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र आहे. १९३३ च्या ज्या विभागाचा उल्लेख वर आला, त्याचेच हे विस्तारित रूप होय.

शाळा व पंचायतीपुढील काम

परदेशस्थ माजी विद्यार्थी शोधण्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असते. मुख्याध्यापकांनी गावातील दोन जाणत्या माणसांना घेऊन ते पुढे ठेवावे, म्हणजे कोण कोठे पोहोचले याची यादी एका दुपारी तयार होईल. पैशापूर्वी त्यांचा वेळ मागावा. दहावीच्या मुलांशी महिन्यातून एकदा दूरदृश्य माध्यमाने बोलणे कोणाही माजी विद्यार्थ्याला अवघड नाही. देणगी स्वीकारताना मात्र सावध असावे. भारताचे नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी अभिदाय ठरत नाही. परदेशाचे नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी तशी ठरते, जरी ती व्यक्ती याच गावात जन्मलेली असली तरी. अशा देणगीसाठी २०१० च्या विदेशी अभिदाय (विनियमन) अधिनियमाखाली संस्थेची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. हा भेद न कळल्यास हेतू चांगला असूनही संस्था अडचणीत येऊ शकते.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची माहिती पदवीच्या अखेरच्या वर्षी नव्हे, अकरावी-बारावीतच विद्यार्थ्यांच्या कानावर गेली पाहिजे. प्रवेशाची तयारी एका वर्षात होत नाही.

त्याच जनरल रजिस्टरमध्ये आणखी काही नावे सापडतील. दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर जाणारी आणि हंगाम संपल्यावर परतणारी ही मुले. तीही स्थलांतरितच आहेत. त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे, हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मात्र टोळी हलण्यापूर्वी कार्ड मुलाच्या हाती पडायला हवे आणि वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पंचायत समितीकडे पोहोचायला हवा. त्यासाठी ऑक्टोबर उजाडण्याची वाट पाहू नये. मुकादमांची उचल तत्पूर्वीच वाटून झालेली असते, आणि कोणते कुटुंब कोणत्या कारखान्यावर जाणार हे गावाला तेव्हाच ठाऊक झालेले असते.