रुग्णाची खोली आणि उघडी खिडकी

घरात कोणी ताप-खोकल्याने अंथरूण धरले की आपल्याकडे पहिल्याप्रथम बंद होते ती त्या खोलीची खिडकी. ‘वारा बाधेल’ अशी वडीलधाऱ्यांची धास्ती असते. रोग शेजारी जाऊ नये, असा सद्‌हेतूही असतो. परंतु श्वासावाटे पसरणाऱ्या रोगांच्या बाबतीत ही दक्षता विपरीत फळ देते आणि ते फळ बहुधा रुग्णाच्या उशाशी बसून शुश्रूषा करणाऱ्या घरच्या स्त्रीच्या वाट्यास येते.

क्षय, गोवर, इन्फ्लुएन्झा, कोविड या रोगांचे जंतू व विषाणू रुग्णाच्या खोकण्याबोलण्यातून सूक्ष्म कणांच्या रूपाने बाहेर पडतात. मोठे थेंब लवकर खाली बसतात. सूक्ष्म कण मात्र उदबत्तीच्या धुराप्रमाणे तरंगत राहतात. गोवराचा विषाणू तर रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत खोलीच्या हवेत टिकू शकतो. बंद खोलीत या कणांचा साठा वाढत जातो. उघड्या खिडकीवाटे ते बाहेर जातात आणि मोकळ्या हवेत विरळ होतात.

या विषयीचे एक बोलके संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. पेरू देशाची राजधानी लिमा येथील आठ रुग्णालयांतील खोल्यांची हवा मोजण्यात आली. खिडक्या-दारे उघडी असता खोलीतील हवा तासाला सुमारे २८ वेळा बदलत होती. यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्यांत हे प्रमाण १२ होते. विशेष म्हणजे, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती नव्यांपेक्षा सरस ठरल्या. गोव्यातील जुन्या घरांची उंच छपरे आणि मधले राजांगण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे नवल वाटू नये. दारे-खिडक्या लावून वातानुकूलन यंत्र चालविणाऱ्या आजच्या सदनिकांना मात्र यातून बोध घेण्यासारखा आहे. घरगुती वातानुकूलन यंत्र सामान्यतः खोलीतीलच हवा पुनःपुन्हा थंड करून फिरवीत असते. कोविडच्या साथीत, मे २०२१ मध्ये, केंद्र शासनाच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानेही याच मुद्द्यावर जनतेस सावध केले होते.

प्रत्यक्ष आचरणात पुढील गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघडल्या, तरी एकच खिडकी उघडण्यापेक्षा हवा अधिक चांगली खेळते. रुग्णाच्या खोलीतील वारा घराच्या आत शिरत असल्यास आतले दार लावून घ्यावे. खिडकी एकच असेल तर टेबलपंखा तिच्याजवळ, तोंड बाहेर करून ठेवावा व दार किंचित उघडे ठेवावे. म्हणजे घरातील स्वच्छ हवा आत येऊन दूषित हवा बाहेर जाईल. शुश्रूषा करणाऱ्याने स्वच्छ हवा ज्या बाजूने येते त्या बाजूस बसावे. हवेची दिशा कळण्यासाठी रुग्ण खोलीत नसताना एक उदबत्ती लावून धुराची वाट पाहावी. मात्र रुग्णासमोर धूर करू नये. पावसाळ्यात झड येत नसेल ती खिडकी उघडी ठेवावी. थंडी वाजत असल्यास रुग्णास पांघरूण द्यावे, खिडकी लावू नये. डासांपासून संरक्षणासाठी खिडकीस जाळी बसवावी.

उघडी खिडकी हे औषध नव्हे, याचाही विसर पडू नये. क्षयरोगावरील औषधे शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात व ती ठरलेल्या मुदतीपर्यंत घेणे अत्यावश्यक आहे. १९५६ साली मद्रास येथे स्थापन झालेल्या क्षयरोग उपचार केंद्राने १९५९ मध्ये दाखवून दिले की, घरी राहून घेतलेला औषधोपचार आरोग्यधामातील उपचाराइतकाच गुणकारी ठरतो. परिणामी, आज बहुसंख्य क्षयरुग्ण आपल्या घरीच बरे होतात.

परंतु क्षयाचा संसर्ग पुष्कळदा निदानापूर्वीच, म्हणजे घरात कोणासही शंका आलेली नसताना, होत असतो. तेव्हा रोगाचे नाव कळल्यावर खिडकी उघडणे म्हणजे उशीर करणे होय. साथ असो वा नसो, सकाळी दाराबरोबर खिडकीही उघडण्याचा परिपाठ ठेवावा. त्यासाठी खर्च काही नाही. अपेक्षा आहे ती केवळ सवयीची.